एकरी साडेसत्तावीस सेंट

बाबा सॅन डिएगोला माझ्याकडे राहायला आले तेव्हा पहिल्या आठवड्यात समुद्र, प्राणिसंग्रहालय आणि बंदरातली जुनी विमानवाहू नौका हे सगळे पाहून झाले, आणि एका रविवारी आम्ही डाउनटाउनमध्ये नुसतेच भटकायला गेलो. फिफ्थ अव्हेन्यूच्या फुटपाथवर चालता चालता ते एकदम गप्प झाले. मला वाटले गुडघा दुखत असेल. पण त्यांचे ओठ हलत होते. ते पावले मोजत होते. नाशिकच्या आसपास पंचवीस वर्षे प्लॉट पाडून विकण्यात घालवलेल्या माणसाचे पाऊल अडीच फुटांचे पडते आणि सहसा चुकत नाही. पुढचा चौक आला तेव्हा ते म्हणाले, "एकशे वीस. म्हणजे तीनशे फूट." मग वळून त्यांनी ब्लॉकची दुसरी बाजू मोजली आणि ऐंशी पावलांवर थांबले. "तीनशे बाय दोनशे. एवढासाच? आणि मागचा बोळ कुठे आहे?"

बोळ नव्हताच. अमेरिकेतल्या बऱ्याच जुन्या शहरांत ब्लॉकच्या पोटातून एक बोळ काढलेला असतो, ज्यातून कचऱ्याची गाडी येते आणि मागच्या दाराने माल उतरवला जातो. इथे तो दिला गेला नव्हता. बाबांनी खिशातल्या पावतीच्या पाठीमागे एक आयत काढला, त्याचे पन्नास बाय शंभरचे बारा तुकडे केले, चार कोपऱ्यांना गोल केले आणि कागद माझ्यासमोर धरला. बारा प्लॉटांत चार कोपऱ्याचे, म्हणजे दर तिसरा. ब्लॉक दुप्पट लांब धरला असता तर चोवीसांत चारच कोपरे आले असते. "रस्त्यांत एवढी जमीन घालवायला कोणी तयार होत नाही," ते म्हणाले. "ज्याने हा लेआउट केला त्याला जमिनीची किंमत वाटत नव्हती. त्याला कोपरे विकायचे होते."

ज्या माणसाने तो लेआउट केला, त्याचे नाव अलोन्झो इरास्टस हॉर्टन. जन्म १८१३ चा, मृत्यू १९०९ चा. या शहरात मी सहा वर्षे राहते आहे आणि त्याचे नाव असलेल्या चौकातून शेकडो वेळा गेले आहे, पण त्याच्याबद्दल वाचायला मी सुरुवात केली ती त्या पावतीमुळे. बाबांचे निदान अगदी अचूक होते, हे वाचता वाचता कळत गेले. हॉर्टनला जमिनीची किंमत वाटत नव्हती, कारण त्याने ती एकरी साडेसत्तावीस सेंटांच्या आसपास घेतली होती. बाबांनी लगेच भागाकार केला: गुंठ्याला पाऊण सेंटही नाही.

हा भाव त्याला कसा मिळाला ती हकिगत त्याने उतारवयात एका इतिहासलेखकाला तपशीलवार सांगून ठेवली आहे. १८६७ साली हॉर्टन सॅन फ्रान्सिस्कोत फर्निचर आणि घरगुती सामानाचे दुकान चालवत होता. वय ५३. एका संध्याकाळी तो पॅसिफिक किनाऱ्यावरच्या बंदरांविषयीचे एक व्याख्यान ऐकायला गेला. उद्या कोणत्या बंदराचे मोठे शहर होईल असा व्याख्यानाचा विषय होता, आणि सर्वांत दक्षिणेकडच्या सॅन डिएगोचे हवामान व बंदर या दोन्हींची वक्त्याने तोंड भरून स्तुती केली. त्या रात्री हॉर्टनला झोप लागेना. पहाटे दोनला उठून त्याने नकाशात सॅन डिएगो कुठे आहे ते शोधले आणि सकाळी बायकोला सांगितले की मी दुकानातला माल विकून तिकडे जाणार आणि शहर वसवणार. माल तीन दिवसांत विकला गेला, असे तो सांगतो. पहाटे दोन वाजता घेतलेल्या निर्णयांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. पण हा माणूस असे काही पहिल्यांदाच करत नव्हता, आणि त्याच्या पत्नीलाही एव्हाना त्याची सवय झाली असणार.

१५ एप्रिल १८६७ रोजी तो बोटीतून उतरला. उतरला म्हणजे धक्क्यावर नव्हे. धक्का शिल्लकच नव्हता. १८५० मध्ये विल्यम हीथ डेव्हिस नावाच्या व्यापाऱ्याने खाडीच्या काठी याच जागी नवे गाव वसवण्याचा प्रयत्न केला होता. त्याने धक्का बांधला, थेट मेन राज्यातून जहाजाने तयार लाकडी घरे आणवली, आणि पैसा संपल्यावर सगळे सोडून दिले. लोक त्या जागेला 'डेव्हिसचा वेडेपणा' म्हणत. पुढे यादवी युद्धाच्या काळात इथे तळ ठोकलेल्या सैनिकांनी त्या धक्क्याची लाकडे सरपण म्हणून जाळली. डेव्हिसच्या घरांपैकी एक मात्र अजून उभे आहे. फोर्थ आणि आयलंडच्या कोपऱ्यावरच्या त्या पिवळट लाकडी घरात आज छोटे संग्रहालय आहे आणि हॉर्टनही काही दिवस तिथे राहिला होता. घराच्या खोल्या इतक्या बुटक्या आणि लहान आहेत की शहर वसवायला निघालेल्या माणसाने इथे रात्री काढल्या यावर विश्वास बसायला जरा वेळ लागतो.

खरे गाव तिथून काही मैल वायव्येला, टेकडीच्या पायथ्याशी होते. आज त्याला ओल्ड टाउन म्हणतात. १८६० च्या जनगणनेत सॅन डिएगोची लोकसंख्या ७३१ भरली होती, आणि हॉर्टन आला तेव्हा परिस्थिती त्याहून बरी नव्हती. त्याने ते गाव पाहिले आणि सोबतच्या ईफ्रेम मोर्स या व्यापाऱ्याला तोंडावर सांगितले की हे सगळे कोणी पाच डॉलरला दिले तरी मी घेणार नाही. शहराची जागा ही नव्हे, ती खाली, खाडीजवळ. मोर्सला राग आला नाही, हे विशेष. त्याने उलट त्याला सांगितले की तिकडची जमीन गावाच्या मालकीची आहे आणि ती मागता येईल.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाला एक गोष्ट चटकन समजेल. मेक्सिकोच्या राजवटीत सॅन डिएगो हे 'पुएब्लो' होते आणि पुएब्लोला सामायिक जमीन मिळे. आपल्याकडचे गावठाण आणि गायरान एकत्र केले तर जे होईल, साधारण तसे. अमेरिकेने कॅलिफोर्निया घेतल्यावर ही सामायिक जमीन नव्या नगराच्या विश्वस्तांच्या हाती आली, आणि सॅन डिएगोच्या वाट्याला ती ४५,००० एकरांहून अधिक आली. गायरान कोणाच्या हातात आहे आणि विकण्याचा ठराव कोण मांडू शकतो, हे ज्याला कळते तो पुढचे सगळे जाणतो. अडचण एवढीच होती की विश्वस्तांची मुदत कधीच संपून गेली होती आणि नवी निवडणूक घ्यायला कोणी फिरकले नव्हते. घेऊन करायचे काय, असाच तो मामला होता. हॉर्टनने कारकुनाला विचारले की निवडणुकीला खर्च किती येईल. पाच डॉलरपेक्षा जास्त नाही, असे उत्तर आले. त्याने दहा काढून दिले.

निवडणूक होईपर्यंतच्या काळात तो रविवारी गावातल्या कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बसला. दानपात्र फिरत आले तेव्हा त्यात चिल्लर होती. त्याने पाच डॉलर टाकले. प्रार्थनेनंतर पाद्रीसाहेब चौकशीला आले, आणि त्या ओळखीतून नवे विश्वस्त कोण असावेत याबद्दल बोलणे झाले. मोर्स त्या तिघांतला एक झाला. बाबांना हा भाग सर्वांत जास्त आवडला. ते खूप वेळ हसत होते, आणि मग म्हणाले की आमच्या वेळी पाचात भागत नसे.

१० मे १८६७ रोजी लिलाव झाला. जमीन १६० एकरांच्या तुकड्यांत विकायची होती. पहिल्या तुकड्याला हॉर्टनने १०० डॉलरची बोली लावली तेव्हा जमलेले लोक हसले, कारण एवढा पैसा त्या माळाला कोणी दिला नसता. एका तुकड्यावर हॉलिस्टर नावाच्या गृहस्थाने, ज्याला सगळे जज्जसाहेब म्हणत, गंमत म्हणून बोली पाच डॉलरने वाढवली. हॉर्टन म्हणाला, घ्या, तुमची झाली. जज्जसाहेबांचा चेहरा उतरला आणि ते आणखी एकदा बोली लावण्याची विनवणी करू लागले. शेवटी हॉर्टनने पंचवीस सेंट वाढवून त्यांची सुटका केली. सुटका झाल्यावर जज्जसाहेबांना कंठ फुटला: ही जमीन लाखो वर्षे इथेच पडून आहे आणि तिच्यावर अजून कोणी शहर बांधलेले नाही. हॉर्टनने उत्तर दिले की तुमच्यावर सोपवली तर आणखी तितकीच वर्षे पडून राहील.

लिलावाच्या शेवटी त्याच्याकडे ९६० एकर होते आणि खिशातून २६५ डॉलर गेले होते.

ही जमीन लाखो वर्षे रिकामी पडून होती असे जज्जसाहेबांना वाटत होते, परंतु ते खरे नव्हते. कुमेयाय लोक या खाडीच्या काठी हजारो वर्षे राहत आले होते. १८५१-५२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधींनी कॅलिफोर्नियातल्या जमातींशी अठरा करार केले आणि जमिनी राखून देण्याचे वचन दिले. सॅन डिएगोच्या पूर्वेला सांता इसाबेल येथे कुमेयायांशी झालेला करार त्यांतलाच होता. सेनेटने हे सर्व करार फेटाळले. त्यामुळे १८६७ च्या त्या लिलावात बोली लावणारा, हसणारा आणि हिशोब लिहिणारा असे सगळे होते, आणि ज्यांची ती भूमी होती त्यांना विचारण्याचा प्रश्न कायद्याने आधीच मिटवलेला होता. हॉर्टनच्या चातुर्याच्या कथा मी चवीने सांगते आहे खऱ्या, पण त्या सांगताना हे बाजूला ठेवता येत नाही.

त्याच्या आधीच्या आयुष्याचे बहुतेक तपशील मी झरझर ओलांडते. जन्म कनेक्टिकटमधला, बालपण न्यूयॉर्क राज्यात, ओंटारिओ सरोवराच्या काठी, तरुणपणी टोपल्या विणल्या, पिंपे तयार केली, सरोवरातून गहू वाहून नेला. डॉक्टरांनी क्षयाची शंका बोलून दाखवली आणि पश्चिमेला जायला सांगितले, म्हणून १८३६ मध्ये तो विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीला गेला. ज्याला क्षय होईल म्हणून घराबाहेर काढले तो ९५ वर्षे जगला, आणि त्याची पहिली पत्नी मात्र क्षयानेच गेली.

विस्कॉन्सिनमधली एक गोष्ट सोडता येत नाही, कारण सॅन डिएगोची रंगीत तालीम तिथे झाली. मेक्सिको युद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकार बक्षीस म्हणून जमिनीचे हक्कपत्र देत असे. सैनिकाला जमीन नको असे, रोख हवी असे. हॉर्टनने सेंट लुईसला जाऊन अशी हक्कपत्रे स्वस्तात गोळा केली, त्यांवर विस्कॉन्सिनमध्ये दीड हजार एकर जंगल घेतले, आणि तिथे जे गाव पाडले त्याला आपलेच नाव दिले. हॉर्टनव्हिल आजही नकाशावर आहे. कागद ज्याला नकोसा झाला आहे त्याच्याकडून घ्यायचा आणि ज्याला स्वप्न पडते आहे त्याला प्लॉट विकायचा, हा धंदा त्याला पस्तिशीतच उमगला होता.

१८५१ मध्ये तो सोन्याच्या मागे कॅलिफोर्नियाला आला. खाणीतून त्याला विशेष काही मिळाले नाही. डोंगरातले बर्फ खाणकामगारांच्या वस्त्यांना विकून मात्र चांगले पैसे झाले. ते घेऊन १८५६ मध्ये तो पनामामार्गे पूर्वेला परत निघाला. तिथे एका अमेरिकन प्रवाशाने कलिंगडाची फोड उचलली आणि पैसे द्यायला नकार दिला, त्यावरून बाचाबाची झाली, पिस्तूल निघाले, आणि रात्रीपर्यंत पनामा शहरात दंगल पेटून पंधराएक अमेरिकन मारले गेले. हॉर्टन त्या गर्दीत अडकला होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे सामानातले दहा हजार डॉलरचे सोने गेले आणि अंगावरचे पाच हजार वाचले. तारीख होती १५ एप्रिल. बरोबर अकरा वर्षांनी त्याच तारखेला तो सॅन डिएगोच्या किनाऱ्यावर उतरला. योगायोगच, पण एका फोडीपायी किती गमवावे लागते हे पाहिलेला माणूस पाच डॉलरच्या निवडणुकीला दहा का देतो, ते मला त्यानंतर थोडे कळल्यासारखे वाटले.

आता पुन्हा त्या लेआउटकडे. हॉर्टनने नकाशा छापून घेतला, सॅन फ्रान्सिस्कोला परतला आणि तिथे कार्यालय थाटून प्लॉट विकायला बसला. खाडीला समांतर रस्त्यांना त्याने अक्षरे दिली, उभ्या रस्त्यांना आकडे, आणि अक्षरे उत्तरेकडे चढावर संपली तिथे झाडांची नावे, तीही वर्णानुक्रमे: ॲश, बीच, सीडर, डेट, एल्म, फर. माळावर तेव्हा यांतले एकही झाड नव्हते. पन्नास बाय शंभरचा प्लॉट त्याला मूळ खरेदीच्या भावाने सव्वातीन सेंटांच्या आत पडला होता. त्यामुळे रस्त्यांत जाणाऱ्या जमिनीचे त्याला दुःख नव्हते, आणि बोळ न देण्याचे कारणही काटकसर हे नव्हते. बोळात कचरा साठतो एवढेच त्याचे म्हणणे होते. त्याच्याजवळ जमीन अमाप होती, कमी होती ती माणसांची. म्हणून माणूस आणण्यासाठी जमीन उधळायची, हे त्याचे गणित सुरुवातीपासून पक्के होते. चर्चला प्लॉट फुकट, जो येऊन बांधकाम करील त्याला सवलत. १८६९ मध्ये फिफ्थ स्ट्रीटच्या टोकाला त्याने स्वतःच्या पैशाने धक्का बांधला, म्हणजे डेव्हिसच्या वेळचे चक्र त्याने पुन्हा पहिल्यापासून फिरवले. त्याच्या आदल्या वर्षी मोर्स आणि इतर विश्वस्तांनी गावाच्या जमिनीतले १,४०० एकर उद्यानासाठी राखून ठेवले होते. गाव जेमतेम काही शे माणसांचे, आणि उद्यान १,४०० एकरांचे. आजचे बाल्बोआ पार्क ते हेच.

१८७० हे त्याच्या आयुष्यातले सर्वोच्च वर्ष असावे. ज्यूलियनजवळच्या डोंगरात सोने सापडले आणि खाणींकडे जाणारा प्रत्येक जण हॉर्टनच्या धक्क्यावर उतरू लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याचे हॉर्टन हाउस हे हॉटेल उघडले: दीड लाख डॉलर खर्च, शंभरेक खोल्या, विटांचे बांधकाम. समोरचा अर्धा ब्लॉक त्याने मोकळा ठेवला, हॉटेलच्या पाहुण्यांना पाय मोकळे करता यावेत म्हणून. त्या वर्षीच्या जनगणनेत २,३०० माणसे भरली. लोक त्याला 'फादर हॉर्टन' म्हणू लागले, आपल्याकडे गावातल्या कर्त्या माणसाला सगळे 'अण्णा' किंवा 'दादा' म्हणतात तसे.

ओल्ड टाउनच्या लोकांनी मात्र सहजासहजी हार मानली नाही. कोर्ट आपल्याकडून जाऊ नये म्हणून त्यांनी कोर्टासमोर तोफ आणून ठेवली होती. अखेर १८७१ मध्ये कागदपत्रे नव्या गावात हलवली गेली, आणि १८७२ च्या एप्रिलमध्ये लागलेल्या आगीत ओल्ड टाउनची बाजारपेठ जळून गेली. तहसील कचेरी एका गावातून दुसऱ्या गावात गेल्यावर पहिल्या गावाचे काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नाही.

हॉर्टनला आता एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्याच्या हातातली नव्हती. रेल्वेशिवाय बंदराला अर्थ नव्हता. पूर्वेकडून वाळवंट ओलांडून येणारा टेक्सास अँड पॅसिफिक लोहमार्ग सॅन डिएगोला संपणार असे ठरले, कंपनीचा अध्यक्ष टॉम स्कॉट १८७२ च्या उन्हाळ्यात स्वतः येऊन गेला, गावाने जमिनी देऊ केल्या, प्लॉटचे भाव उडाले, आणि एप्रिल १८७३ मध्ये थाटामाटात कुदळ मारली गेली. पाच महिन्यांनी, १८ सप्टेंबरला, फिलाडेल्फियाची जे कुक ही पेढी बुडाली. तिच्यामागोमाग बँका आणि रेल्वे कंपन्या कोसळल्या, आणि स्कॉटला लोहमार्गासाठी पैसा मिळेना. सॅन डिएगोत तयार झाला तो काही मैलांचा भराव. त्यावर रूळ आले नाहीत.

तीन हजार मैलांवरची एक पेढी बुडते आणि इथला फिफ्थ स्ट्रीटवरचा कोपऱ्याचा प्लॉट कोणी फुकटही घेत नाही, ही गोष्ट मी बाबांना सांगितली तेव्हा त्यांनी काही विचारले नाही. ते नुसते मान हलवत राहिले. विमानतळ होणार, रिंग रोड होणार, एमआयडीसी येणार या बातम्यांवर त्यांच्या धंद्यातली किती माणसे उभी राहिली आणि किती बसली, याची यादी त्यांच्या डोक्यात असते. ती त्यांनी त्या दिवशी काढली नाही. १८७० मध्ये २,३०० असलेली लोकसंख्या १८८० मध्ये २,६३७ झाली. दहा वर्षांत तीनशे सदतीस माणसे. त्या दहा वर्षांत हॉर्टन साठीतून सत्तरीकडे गेला, त्याच्या मालमत्तेवर कर आणि कर्जे चढत गेली, आणि एकेक ब्लॉक हातातून सुटत गेला.

रेल्वे आली ती १८८५ च्या नोव्हेंबरात, आणि वेगळ्याच कंपनीची; सांता फेची. त्यानंतर जे झाले त्याला तेजी हा शब्द अपुरा आहे. १८८७ मध्ये गावात चाळीस हजारांपर्यंत माणसे असल्याचा अंदाज होता. सट्टेबाज रस्त्यात नकाशे पसरून ओरडत प्लॉट विकत होते. कोरोनाडो बेटासारख्या जिभेवर ते अवाढव्य लाल छपराचे हॉटेल उभे राहत होते, जे आजही सगळे पाहुणे पाहायला जातात. १८८८ मध्ये फुगा फुटला. १८९० ची जनगणना सांगते १६,१५९. या दोन-तीन वर्षांत हॉर्टनकडे पुन्हा पैसा आला आणि पुन्हा गेला. बाजार उतरू लागला तेव्हा हात आखडून घेण्याची वृत्ती त्याच्यात नव्हती, कारण ज्याने आयुष्यभर या शहराची स्तुती करून प्लॉट विकले त्याचा त्या स्तुतीवर सगळ्यांत जास्त विश्वास बसलेला होता. माझ्या मते हॉर्टनला समजून घेण्याची किल्ली इथे आहे. लबाड विकासक शहराचे स्वप्न विकतो आणि पैसे दुसरीकडे ठेवतो. हॉर्टनने स्वतःच्याच मालाची खरेदी कधी थांबवली नाही.

दुसरी पत्नी १८८९ मध्ये वारली. १८९० मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्याने लिडिया नॅप या विधवेशी तिसरे लग्न केले. या बाई स्वतंत्र लेखाचा विषय आहेत. गावात वाचनालयाची इमारत नाही म्हणून त्यांनी अँड्र्यू कार्नेगीला पत्र लिहिले आणि साठ हजार डॉलर मिळवले. १९०२ मध्ये ते वाचनालय उघडले. नवऱ्याने शहरासाठी जमीन वाटली, आणि जमीन संपल्यावर बायकोने शहरासाठी पैसा आणला.

कारण जमीन खरोखरच संपली होती. १८९५ मध्ये हॉर्टन हाउस माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या मुलाने विकत घेतले. त्याच सुमारास हॉटेलसमोरचा तो मोकळा अर्धा ब्लॉक हॉर्टनने नगरपालिकेला विकला. किंमत १०,००० डॉलर, आणि फेड दरमहा १०० डॉलरच्या हप्त्याने. घेणाऱ्यांनी विकणाऱ्याचे वय पाहून मनातल्या मनात हिशोब केला होता असे इथे आजही सांगतात, आणि करार वाचला की ते खोटे वाटत नाही: शंभर हप्ते म्हणजे आठ वर्षे चार महिने, आणि म्हातारा ८१ वर्षांचा. दर महिन्याला हे शंभर डॉलर घेऊन हॉर्टन जगत राहिला. शेवटचा हप्ता १९०३ मध्ये चुकता झाला तेव्हा तो ८९ वर्षांचा होता आणि ठणठणीत होता.

बाबांनी त्या पावतीच्या मागे उरलेल्या जागेत हा सौदाही मांडला. तीस हजार चौरस फूट, एकरी साडेसत्तावीस सेंटांनी मूळ खरेदी एकोणीस सेंट. विक्री दहा हजार डॉलर. त्यांनी भागाकार करायला घेतला आणि मग पेन बंद करून खिशात ठेवले.

हॉर्टन हाउस १९०५ मध्ये पाडले, तिथे ग्रँट यांचे नवे मोठे हॉटेल बांधायला. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, पैशाचा ओघ तिकडे वळला आणि बांधकाम रखडले. ७ जानेवारी १९०९ रोजी हॉर्टन गेला तेव्हा चौकासमोर त्या हॉटेलचे काम अजून अपुरेच होते. वय ९५ वर्षे आणि अडीच महिने. अंत्यदर्शनाला हजारो लोक आले. डाउनटाउनच्या पूर्वेला, मार्केट स्ट्रीटवरच्या माउंट होप दफनभूमीत त्याला पुरले. पूर्वेकडे थेट जाणारी रेल्वे, जिची वाट पाहण्यात त्याची संपत्ती दोनदा गेली, त्यानंतर दहा वर्षांनी, १९१९ मध्ये पूर्ण झाली.

हॉटेल १९१० च्या ऑक्टोबरमध्ये उघडले आणि त्याबरोबर चौकातले अर्व्हिंग गिलने घडवलेले कारंजेही. कारंज्यावर ब्राँझचे तीन चेहरे आहेत: १५४२ मध्ये या खाडीत पहिल्यांदा गलबत आणणारा काब्रियो, १७६९ मध्ये इथे मिशन स्थापणारा पाद्री सेर्रा, आणि तिसरा दाढीवाला हॉर्टन. शेजारी १९८५ मध्ये त्याच्या नावाचे प्रचंड व्यापारी संकुल उभे राहिले, काही वर्षे गाजले, आणि आता बंद आहे. अर्धा ब्लॉक तेवढा आहे तसा मोकळा आहे.

बाबांनी त्या चेहऱ्यासमोर उभे राहून चश्मा पुसला आणि बराच वेळ पाहिले. मग ब्रॉडवेच्या बाजूने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, ऐंशी पावले, आणि परत आले. "या तुकड्याला दोन कोपरे आहेत," ते म्हणाले. "दोन्ही हॉटेलसमोरचे, भर रस्त्यावरचे. पंचवीस वर्षे त्याने एकही विकला नाही?"

मी नाही म्हटले. त्यांनी मला फोन काढायला सांगितला आणि फोर्थ अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, सिग्नलच्या खांबाला हात लावून, फोटोसाठी उभे राहिले.